२६६ दिवस मोटरहोममध्ये: नाशिकला परत आलोय, विचारा काय ते

गोदाकाठचा · १८ जानेवारी, रात्री ९.४०

मंडळी, मागच्या वर्षी मार्चमध्ये याच ग्रुपवर विचारलं होतं की ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या कारखान्यात, तीस वर्षं काढलेल्या माणसाला युरोपात गाडीत राहणं जमेल का. निम्म्यांनी वेड्यात काढलं, उरलेल्यांनी 'काका, फोटो टाका' म्हटलं. फोटो फेसबुकवर टाकलेत. इथे कामाचं लिहितो.

लेक स्टुटगार्टला असते. गाडी तिच्या नावावर घेतली, कारण परदेशी पर्यटकाच्या नावावर जर्मनीत गाडी नोंदवायची तर तिथला पत्ता असलेला, सरकारी कागद स्वीकारणारा अधिकृत माणूस लागतो. तोही मिळतो, पण विमा कंपन्या नाकं मुरडतात. घरचं माणूस असताना तो उपद्व्याप कशाला? गाडी २००९ची, फियाट डुकाटोच्या सांगाड्यावर बांधलेली, सहा मीटरला थोडी कमी. तिकडची बरीच घरगाडी डुकाटोवरच असते, त्यामुळे सुटे भाग कुठेही मिळतात. २७ हजार युरो पडले. पैसे लेकीला भेट म्हणून पाठवले.

८ एप्रिलला फ्रँकफर्टला उतरलो, २९ डिसेंबरला परत निघालो. मधले २६६ दिवस त्याच गाडीत. अपवाद लेकीकडच्या अकरा रात्रींचा आणि अल्बेनियात बायकोला ताप आला तेव्हाच्या दोन रात्रींचा. तेव्हा हॉटेल केलं.

आता मुद्द्याचं. सगळे विचारतात, एवढी मोठी गाडी उजव्या बाजूनं कशी चालवली? द्वारका सर्कलवर ज्यानं पंचवीस वर्षं स्कूटर चालवली त्याला काय शिकवायचं! चार दिवसांत हात बसतो. मला नऊ महिने छळलं ते कॅलेंडरनं. शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न करणारे युरोपातले देश, त्यांचा व्हिसा एकच. त्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच आत राहता येतं. पाच वर्षांचा व्हिसा असला तरी तेच. आणि हे १८० दिवस जानेवारीपासून मोजत नाहीत. आज उभे आहात तिथून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात आत किती काढले ते बघायचं. रोज खिडकी एक दिवस पुढे सरकते.

आमचा हिशोब असा बसला. ८ एप्रिल ते ३ जुलै आत, ८७ दिवस: जर्मनी, फ्रान्स, इटली, स्लोव्हेनिया, क्रोएशिया. (क्रोएशिया २०२३पासून शेंगेनमध्ये आहे. जुने ब्लॉग वाचून तिथे 'बाहेर' म्हणून बसाल तर फसाल.) मग ४ जुलै ते ४ ऑक्टोबर बाहेर, ९३ दिवस: मॉन्टेनेग्रो बारा दिवस, बाकी अल्बेनिया. पुन्हा ५ ऑक्टोबरला काकाव्हियाच्या नाक्यावरून ग्रीसमध्ये, आणि तिथून ८६ दिवस आत. तीन दिवस मुद्दाम हातचे राखले. फेरी रद्द होते, गाडी बिघडते, आपण आजारी पडतो.

आमच्याकडे दोन वर्षांचा, कितीही वेळा ये-जा करायचा व्हिसा होता, कारण आधी दोनदा लेकीकडे जाऊन वेळेत परत आलो होतो. एप्रिल २०२४पासून भारतीयांसाठी तशी पायरी केलीय: तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले की दोन वर्षांचा, त्यानंतर पाच वर्षांचा. हाच व्हिसा अल्बेनिया आणि मॉन्टेनेग्रोतही चालला, वेगळा काढावा लागला नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं थेट नऊ महिन्यांचा बेत आखू नये.

विचारा. जमेल तसं उत्तर देतो.

सातपूरकर_७२ · १८ जानेवारी, रात्री १०.१५

काका, अभिनंदन. पण खरा आकडा सांगा. यूट्यूबवरचे लोक 'फार स्वस्त' म्हणतात आणि गाडीची किंमत धरतच नाहीत.

वास्तववादी · १८ जानेवारी, रात्री ११.०२

निवृत्तीचा पैसा डिझेलमध्ये जाळायचा आणि पार्किंगमध्ये झोपायचं, याला हौस म्हणतात का? त्या पैशात नाशिकरोडला वन बीएचके झाला असता. आपल्या लोकांना परदेशाचं फार कौतुक.

गोदाकाठचा · १९ जानेवारी, सकाळी ७.२०

वास्तववादी, वन बीएचके आहे आमच्याकडे. त्यात झोपून बघितलं पस्तीस वर्षं.

सातपूरकर, वहीतलं लिहितो. चौदा हजार तीनशे किलोमीटर झाले. गाडी शंभर किलोमीटरला साडेदहा लिटर पिते, म्हणजे दीड हजार लिटर डिझेल. सरासरी एक युरो साठ सेंट धरा, चोवीसशे युरो. मुक्कामाला नऊ महिन्यांत तीन हजारांच्या आसपास. किराणा महिन्याला चारशे. विमा, रस्त्यांचे टोल, फेरी, धुलाई, औषधं, एक टायर आणि एक दंड (त्याबद्दल पुढे) धरून महिन्याला साधारण चौदाशे युरो. गाडीची किंमत वेगळी, विमानाची तिकिटं वेगळी. गाडी विकली तर पंचवीसला जाईल असं लेकीच्या ओळखीतला मेकॅनिक म्हणतो. विकायची नाहीये.

स्वस्त होतं ते हळू गेल्यामुळे. पहिल्या महिन्यात आम्ही पर्यटकासारखे पळत होतो, रोज दोनशे किलोमीटर. त्या महिन्यात चोवीसशे युरो गेले आणि दोघांची पाठ गेली. अल्बेनियात एका समुद्रकाठच्या कॅम्पसाइटवर एकवीस दिवस हललो नाही. तेव्हा कुठे 'राहतोय' असं वाटलं.

मुक्कामाचं थोडं सविस्तर. पूर्ण सोयीचा कॅम्पसाइट उन्हाळ्यात पस्तीस-चाळीस युरो मागतो. पण फ्रान्समध्ये गावोगावी नगरपालिकेची 'एअर' असते, जर्मनीत 'श्टेलप्लाट्झ', इटलीत 'आरेआ दी सोस्ता'. पाणी भरायचं, घाण पाणी सोडायचं, रात्र काढायची आणि निघायचं. दहा-पंधरा युरो, कुठे फुकटही. रानात फुकट राहायची स्वप्नं मात्र फारशी पाहू नका. स्वीडनमध्ये कुणाच्याही रानात भटकायचा हक्क आहे, पण तो पायी माणसाला, मोटारीला नाही. पोर्तुगालनं किनाऱ्यावर आणि संरक्षित जंगलात गाडीत झोपायला बंदी केलीय. शिवाय समुद्राकाठच्या पार्किंगला दोन मीटरवर आडवी दांडी असते. आमची गाडी दोन मीटर ऐंशी. एवढं बोलकं 'येऊ नका' दुसरं नाही.

आणि हो, दंड. इटलीतल्या जुन्या गावांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, पाटी छोटी, कॅमेरा मोठा. जीपीएसनं नेलं, मी गेलो. चार महिन्यांनी लेकीच्या पत्त्यावर फोटोसकट पत्र.

मेनरोडवाली · १९ जानेवारी, सकाळी ११.३५

काका, एक विचारू का, रागावू नका. गाडीत देव कुठे ठेवले होते? सहा मीटरच्या गाडीत ओटा, पलंग आणि संडास. आमच्या सासूबाईंना नुसतं सांगितलं तर त्यांनी कानावर हात ठेवले.

गोदाकाठची_ही · १९ जानेवारी, दुपारी ३.१०

मीच उत्तर देते. यांना विचारलंत तर बॅटरीचं सांगत बसतील.

देव ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कप्प्यात. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, दोघंच. चालत्या गाडीत पडू नयेत म्हणून खाली, सामान घसरू नये म्हणून अंथरतात ती रबरी जाळी. उदबत्ती नाही, कारण गॅसच्या वासाचा आणि धुराचा सेन्सर बोंब मारतो. ओटा आणि संडास यांत अडीच फूट अंतर आणि मध्ये एक प्लास्टिकचं दार. सोवळं-ओवळं पहिल्या आठवड्यात गळून पडलं हो. माझ्या आईला सांगितलं नाही.

खरी अडचण पाण्याची. त्या संडासाला खाली एक पेटी असते, कॅसेट म्हणतात, अठरा लिटरची. युरोपियन दोन माणसांना ती तीन-चार दिवस पुरते. आपल्याला कागद पुरत नाही, पाणी लागतं, आणि पाण्यानं ती दीड दिवसात भरते. पहिल्या आठवड्यात हे रोज पेटी ओढत निघालेले, सुटकेससारखी चाकं असतात तिला. मग औषधाच्या दुकानातून पिळायची छोटी बाटली आणली. अर्धा पेला पाण्यात काम. तीन दिवसांवर आलो. ज्यांना हे वाचून कसंसं होतंय त्यांनी हे आयुष्य निवडू नये, कारण नऊ महिने रोज सकाळी हाच विषय असतो.

आंघोळ तांब्यानं. फवारा सोडला तर शंभर लिटरची टाकी दोन दिवसांत रिकामी. मी घरी बादलीनंच करायचे, त्यामुळे मला जड गेलं नाही. हे साहेब अंगाला साबण लावून 'पाणी संपलं' म्हणून ओरडायचे.

स्वयंपाकाचं आधीच सांगते, म्हणजे 'बाईला तिथेही ओटाच' असं कुणी म्हणणार नाही. म्हणणाऱ्याचं चुकतही नाही. पहिला महिना तसंच झालं. स्लोव्हेनियात एका संध्याकाळी मी गॅस बंद केला आणि खुर्ची घेऊन बाहेर बसले. गाडीत रुसायला दुसरी खोली नसते आणि माहेर सहा हजार किलोमीटरवर. त्या दिवसापासून सकाळचं त्यांचं, संध्याकाळचं माझं. त्यांचे पोहे आता बरे होतात.

अर्धा_चहा · १९ जानेवारी, दुपारी ४.००

ताई, या धाग्यावरची सगळ्यात भारी पोस्ट. फोडणीचा वास? आमच्या टू बीएचकेमध्ये दोन दिवस राहतो.

गोदाकाठची_ही · १९ जानेवारी, दुपारी ४.४५

फोडणी बाहेर. गाडीच्या कडेची कनात ओढायची आणि एका शेगडीचा छोटा स्टोव्ह बाहेर मांडायचा. तरीही गाद्यांना हिंगाचा वास आहेच, लेक म्हणते गाडी डोळे मिटून ओळखता येईल. कुकर मात्र आत. तीन लिटरचा कुकर इथून नेला होता, गॅस निम्मा लागतो. शिट्टी झाली की शेजारचे जर्मन दचकायचे. एक आजोबा विचारायलाच आले की आमचा हीटर फुटतोय का. त्यांना वरण-भात खाऊ घातला.

कांदा-लसूण मसाला, मेतकूट, पापड, कुरडया, कोंडाजीचा चिवडा नेला होता. तूप, पेढे, दुधाचं काही नेऊ नका, युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कढीपत्ताही नाही, रोपांचा दाखला लागतो. मी वाळवून पूड करून नेला होता, कुणी विचारलं नाही.

डिझेलमामा · १९ जानेवारी, रात्री ८.३०

आमचं गॅरेज अंबडला, म्हणून दोन प्रश्न. एक, गॅसचं काय केलं? दोन, इथून फोर्स ट्रॅव्हलर मिनीबसवर घर बांधून रस्त्यानं नेता आली नसती का? माझ्याकडे दोन गिऱ्हाईकं विचारून गेली.

गोदाकाठचा · १९ जानेवारी, रात्री १०.०५

मामा, आला तुमचा प्रश्न. हिनं बॅटरीवरून मला आधीच टोमणा मारलाय, तरी लिहितो.

गॅसची बाटली प्रत्येक देशाची वेगळी. जर्मनीची ११ किलोची राखाडी बाटली फ्रान्समध्ये कुणी बदलून देत नाही. पंपावर एलपीजी भरता येईल अशी टाकी बसवली तर सुटका, पण चार तऱ्हेचे नोझल जोड गाडीत ठेवावे लागतात, देशागणिक तोंड वेगळं. आम्ही ती टाकी नाही बसवली. आणि डिसेंबरात शिक्षा भोगली. स्पेनमध्ये राखाडी बाटली संपली म्हणून जी मिळाली ती छोटी निळी बाटली घेतली. त्यात ब्यूटेन. जर्मनीत शिरलो, रात्री उणे चार अंश. ब्यूटेनची वाफ शून्याच्या आसपासच व्हायची थांबते. बाटलीत गॅस आहे, हलवला की डुचमळतो, आणि हीटर बंद! प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत वाफ देतो, म्हणून थंडीत प्रोपेनच हवा. एचएएलमध्ये नोकरी केलेला माणूस मी. हे मला रात्री दोन वाजता गोधडीत आठवलं.

वीज: छपरावर दोनशे वॉटचं सोलर, आत शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. म्हणजे सुमारे तेराशे वॉट-अवर. दिवे, पंप, पंखा, मोबाइल, फ्रिज यांना उन्हाळ्यात पुरून उरते. मिक्सर सातशे पन्नास वॉटचा, दोन मिनिटं चटणीला चालतो. इन्डक्शनचा विचार करू नका. नोव्हेंबरात ऊन तिरपं झालं की सोलर शोभेचं, तेव्हा दर तीन दिवसांनी विजेच्या खांबाला जोडायला कॅम्पसाइट.

वजनाचं तुम्हाला कळेल. साध्या कारच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतच गाडी चालवता येते. आमची रिकामी २९५० किलो. आम्ही दोघं, शंभर लिटर पाणी, गॅस, सायकली, हिनं भरलेला पंचवीस किलो तांदूळ आणि गव्हाचं पीठ. काट्यावर चढवली तर ३५४०! ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये पोलीस काट्यावर घेतात. मग पाणी तीस लिटरच भरून चालायचं आणि मुक्कामाला भरायचं, ही सवय लावली. तांदूळ लेकीकडे उतरवला.

इथून गाडी रस्त्यानं न्यायची तर पाकिस्तानची हद्द बंद, आणि नेपाळ-तिबेटमार्गे चीनमध्ये स्वतःची गाडी न्यायला परवानगी आणि सोबत तिथला गाइड लागतो, तो खर्च लाखांत. शिवाय कार्नेट काढावं लागतं. ते गाडीचं पासपोर्टासारखं पुस्तक असतं, आणि गाडी परत आणेन याची मोठी अनामत ठेवावी लागते. मुंबईहून बोटीनं पाठवता येते. युरोपात बाहेरची गाडी पर्यटकाला सहा महिने बिनजकातीची चालवता येते, त्यानंतर बाहेर काढा. तुमच्या गिऱ्हाइकांना म्हणावं, आधी महिनाभर तिकडे भाड्याची घेऊन बघा.

परवान्याचं राहिलं. आंतरराष्ट्रीय परवाना पेठ रोडच्या आरटीओतून, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवाना सोबत लागतोच. आणि लेकीकडून 'माझी गाडी आईबाबा चालवतील' असं सहीचं पत्र, बाल्कन देशांत नाक्यावर तेच आधी मागतात. विम्याच्या ग्रीन कार्डावर अल्बेनिया छापलाय का ते बघा. कोसोव्हो कुठल्याच ग्रीन कार्डावर नसतो, तिथे सीमेवर वेगळा विमा घ्यावा लागतो.

सीए_गंगापूररोड · २० जानेवारी, सकाळी ९.५०

थोडं कोरडं पण गरजेचं. 'वर्षातले नऊ महिने बाहेर, म्हणजे मी एनआरआय, इथला कर नाही' असं समजून दोघं जण माझ्याकडे आले होते. फिरायला गेलात तर तसं होत नाही. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला १८२ दिवसांची सवलत आहे. पर्यटकाला वर्षात ६० दिवस इथे आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे, एवढं झालं की तो निवासीच. काकांसारखे नऊ महिने बाहेर राहिले तरी उरलेले तीन महिने ६०च्या वर जातात.

परदेशी पैसे पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेलं की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो खर्च नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून राहतो. नवरा-बायकोनं स्वतंत्र पाठवलं तर मर्यादा प्रत्येकाची वेगळी.

पेन्शनवाल्यांनो, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरू नका. भारतीय वकिलातीतून मिळतो.

गोदाकाठचा · २० जानेवारी, सकाळी १०.३०

बरोबर. आम्ही मिलानच्या आपल्या वाणिज्य दूतावासात जाऊन केला. तिथे गाडी उभी करायला जागा शोधण्यात दीड तास गेला, मी जिवंत असल्याचा पुरावा त्याहून लवकर मिळाला.

जोडून: इथलं सिम रोमिंगवर चालू ठेवा. बँकेचा ओटीपी आला नाही तर सगळं अडतं. आणि प्रवास विमा बहुतेक १८० दिवसांपर्यंतच मिळतो, वय वाढलं की आणखी अटी. आम्हाला दोन तुकड्यांत घ्यावा लागला. माझ्या बीपीच्या गोळ्या सहा महिन्यांच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट नेल्या.

कोडिंग_कॉलेजरोड · २० जानेवारी, दुपारी १.१५

काका, मी २९, बायको २८, दोघंही रिमोट. कंपनीला कुठून काम करतो याचं घेणंदेणं नाही. टुरिस्ट व्हिसावर व्हॅनमधून लॅपटॉप चालवला तर कोण बघतंय?

लंडन_ते_लासलगाव · २० जानेवारी, दुपारी २.२०

कोण बघतंय हे नाक्यावर कळतं. बॅगेत दोन मॉनिटर आणि तोंडानं 'फिरायला आलोय' म्हणालास तर प्रश्न सुरू होतात. आणि ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन ये-जा संगणकात नोंदवायला सुरुवात झालीय. शिक्का पुसट होता, साहेबाला दिसला नाही, ते दिवस गेले. एक दिवस जास्त झाला तरी यंत्रच सांगतं.

सरळ मार्ग आहे ना. पोर्तुगालचा डी-८, म्हणजे रिमोट काम करणाऱ्यांचा व्हिसा घे. मिळकत तिथल्या किमान वेतनाच्या चौपट लागते, २०२५मध्ये किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे महिना ३४८०. स्पेन आणि क्रोएशियाचेही असे व्हिसे आहेत. पण लक्षात ठेव, पोर्तुगालचा परवाना पोर्तुगालमध्ये राहायचा. बाकी शेंगेनमध्ये तुला तेच ९०/१८०. आणि घराचा पत्ता दाखवावा लागतो, 'व्हॅन' हा पत्ता नाही.

कोडिंग_कॉलेजरोड · २० जानेवारी, दुपारी २.४०

दादा, पत्त्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद.

दक्षिण_बेटकरीण · २० जानेवारी, दुपारी ४.०५

मी मूळची इंदिरानगरची, आता ख्राइस्टचर्चला. युरोपचं कॅलेंडर ज्यांना झेपत नाही त्यांनी न्यूझीलंड बघा. व्हिजिटर व्हिसावर अठरा महिन्यांत नऊ महिने एका देशात राहता येतं, गाडी डावीकडूनच, इंग्रजी सगळीकडे. इथे 'सेल्फ कंटेन्ड' (पाणी, संडास, सांडपाणी सगळं गाडीतच) प्रमाणपत्राची गाडी असेल तर सरकारी जागांवर पुष्कळ ठिकाणी फुकट रात्र काढता येते. पण २०२३च्या कायद्यानं संडास गाडीला पक्का बसवलेला हवा, उचलून ठेवायचा सुटा संडास आता चालत नाही. वाळूमाश्या मात्र कुठलाच कायदा मानत नाहीत.

वास्तववादी · २० जानेवारी, सायंकाळी ६.३०

सगळं ठीक. पण एकटेपणाचं कुणी बोलत नाही. गणपतीला, दिवाळीला काय केलंत? नातवंडं, शेजारी, कट्टा?

गोदाकाठची_ही · २० जानेवारी, रात्री ८.१५

हा प्रश्न खरा विचारलात. गणपती अल्बेनियात. तिथल्या किनाऱ्यावरची माती चिकण नव्हती, कणकेचा केला आणि दीड दिवसानं माशांना घातला. बरं वाटलं. दिवाळी ग्रीसमध्ये, पाऊस आणि गाडीचं छप्पर गळत होतं, पातेलं खाली ठेवून आम्ही दोघं चकलीच्या भाजणीची थालीपिठं खात बसलो. फोनवर सगळे एकत्र दिसत होते. त्या दिवशी मी रडले आणि हे सोलरच्या वायरी तपासत बसले. त्यांची रडायची तीच पद्धत आहे.

कॅम्पसाइटवर ओळखी पटकन होतात आणि चार दिवसांत मोडतात. डच जोडपी, जर्मन, इंग्रज, बहुतेक आमच्याच वयाची. पण 'चहा टाकते, ये' असं म्हणायला तिथे कुणी नव्हतं. पुढच्या खेपेला चारच महिने जायचं असं मी ठरवलंय. यांना अजून सांगितलं नव्हतं. आता कळेल.

गोदाकाठचा · २० जानेवारी, रात्री ८.२२

कळलं.

हरसूल_गुरुजी · २१ जानेवारी, सकाळी ६.५०

त्र्यंबक तालुक्यातल्या पाड्यावर शिकवतो. पाण्याचं वाचून राहवलं नाही. तांब्याभर पाण्यात आंघोळ, अर्ध्या पेल्यात उरकणं, भांडी घासलेलं पाणी जपून वापरणं, हे आमच्या पाड्यावरच्या बाया एप्रिल-मे महिन्यात हौस म्हणून करत नाहीत. पावसाळ्यात इथे ओतून पडतो आणि होळीनंतर विहिरीत उतरून वाटीनं भरावं लागतं. तुमच्यावर टीका नाही. ताईंनी लिहिलेलं शाळेत वाचून दाखवलं. पोरींना संडासाच्या पेटीची फार मजा वाटली. एकीनं विचारलं, 'तिकडे नळ असून पण बाटलीनंच?'

गोदाकाठची_ही · २१ जानेवारी, सकाळी ८.००

गुरुजी, तिला सांगा, हो. आणि घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी नळ धो-धो सोडून दहा मिनिटं भांडी घासली. मग मलाच कसंतरी झालं.

दिंडोरीचा_मळा · २१ जानेवारी, दुपारी १२.४०

काका, राम राम. माझी चार एकर द्राक्षं, वणी रोडला लागून. तुम्ही फ्रान्समध्ये द्राक्षवाल्यांच्या वावरात राहिलात असं फेसबुकवर वाचलं. ते काय प्रकरण आहे? मागच्या महिन्यात एक भला मोठा ट्रक, त्यात घर बांधलेलं, गोरं जोडपं, माझ्या शेडापाशी येऊन थांबलं. रात्रभर ऱ्हायचंय म्हने. मी ऱ्हा म्हटलं. सकाळी पैसे देऊ लागले, मी घेतले नाय. मग पाच किलो मनुका घेऊन गेले, रोखीनं.

गोदाकाठचा · २१ जानेवारी, दुपारी २.५५

भाऊ, अगदी हेच ते. फ्रान्समध्ये 'फ्रान्स पासिऑन' नावाची व्यवस्था आहे. वाइनवाले, चीजवाले, मधवाले शेतकरी आपल्या वावरात मोटरहोमला चोवीस तास फुकट उभं राहू देतात. तुम्ही फक्त वर्षाची वर्गणी भरून सदस्य व्हायचं. खरेदीची सक्ती नाही, पण संध्याकाळी मालक तळघर दाखवतो, एक पेला पुढे करतो, आणि मग रिकाम्या हातानं कोण परततंय! आम्ही अकरा ठिकाणी राहिलो. वाइन आम्हाला फारशी कळत नाही, तरी गाडीत चौदा बाटल्या झाल्या, वजनकाट्याच्या भीतीनं वाटून टाकल्या. एका म्हाताऱ्याला मी सांगितलं की आमच्याकडे द्राक्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात आणि ऑक्टोबरात छाटणी. त्यानं तीनदा विचारून खात्री केली.

आपल्याकडे राज्याचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१मध्ये आलंय, पण गाडी उभी करायला साधी जागा शोधायला गेलं की हॉटेलचं आवारच. तुमचं शेड रस्त्याला लागून आहे, म्हणजे निम्मं काम झालेलं आहे.

दिंडोरीचा_मळा · २१ जानेवारी, दुपारी ३.३०

करावं काय काय लागेल? लय खर्च नको. आणि ती संडासाची पेटी माझ्या शोषखड्ड्यात ओतली तर चालंल का? द्राक्षाला काही व्हायला नको, माल एक्स्पोर्टला जातो.

गोदाकाठचा · २१ जानेवारी, दुपारी ४.१०

चांगलं विचारलंत. त्या पेटीत निळं रसायन टाकतात, काहींत फॉर्मल्डिहाइड असतं. ते सेप्टिक टँकमधले जिवाणूच मारतं, टँक बसतो. वावरात तर अजिबात नको. पाटी लावा: 'फक्त रसायन न टाकलेली पेटी.' जैविक द्रव वापरणारे बरेच असतात, त्यांची चालेल, पण टँक मोठा हवा आणि बागेपासून लांब. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी वेगळ्या टाकीत असतं, ते साबणाचं. एक चर काढून नारळाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडा, द्राक्षाच्या वाफ्यात नको.

बाकी एवढंच: जमीन सपाट, नाहीतर रात्री डोक्यात रक्त उतरतं. पावसाळ्यात रुतणार नाही एवढी मुरमाची भरणी. एक नळ, त्याला साधा पाइप. विजेचा एक पॉइंट, अर्थिंग नीट असलेला. आणि वर लोंबणारी तार उंच गाडीच्या छपराला लागेल एवढी खाली नको.

दिंडोरीचा_मळा · २१ जानेवारी, दुपारी ४.२५

तार आहे एक. बोअरची. उंची मोजली नाय कधी.

डिझेलमामा · २१ जानेवारी, सायंकाळी ५.००

काका, मी पण येतो. माझ्याकडची एक ट्रॅव्हलर बांधून तयार आहे, अजून रस्त्यावर काढली नाही. उभी करून बघू, चढ किती आहे कळेल.

गोदाकाठचा · २१ जानेवारी, सायंकाळी ५.२०

रविवारी सकाळी नऊला निघू. मी टेप आणि लेव्हल घेतो. मामा, तुमच्या गाडीत पाणी भरून या, रिकाम्या गाडीचा काही भरवसा नाही. हिला विचारलंय, ती म्हणते पोहे मीच करायचे.